केसपेपरवर काय लिहिलंत? डोक्याला-कानाला लागण्याची अजब कारणं

बालाघाटी (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, पोळ्याला माझा कान फाटला. अक्षरशः.

बैल धुऊन आणले, शिंगांना हिंगूळ लावला, पितळी शेंब्या चढवल्या. सर्ज्याच्या कपाळाला बाशिंग बांधायला वाकलो आणि नेमकी तेव्हाच त्याच्या डोळ्यावर माशी बसली. त्यानं मान झटकली. शिंगाचा आडवा फटका माझ्या डाव्या कानावर, आणि शेंबीच्या कडेनं कानाची वरची कड चिरली. दोन मिनिटं नुसतं गुंईऽऽ. रक्त खांद्यावरून बनियनवर. चुलत भाऊ म्हणतो, "दादा, हिंगूळ तुलाच लागला का काय?"

तालुक्याला दवाखान्यात ड्यूटीवरच्या पोरानं केसपेपर पुढं ओढला.

"काय झालं?"
"मारलं."
"कुणी?"
"सर्ज्यानं."
"पूर्ण नाव?"
"सर्ज्याच. त्याला कुठलं आडनाव?"
"भांडण कशावरून झालं?"

पोरगं एमएलसी (पोलिसांना कळवायची नोंद) करायच्या बेतात, एक हात फोनवर. तेवढ्यात भाऊ गाडी लावून आत आला आणि म्हणाला, "अहो, बैल आहे तो." अख्खी कॅज्युअल्टी हसली, सलाइन लावलेली म्हातारीसुद्धा. चार टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन पुरणपोळीला घरी.

तर प्रश्न असा. गाडीवरून पडणं, मारामारी, जिन्यावरून घसरणं, क्रिकेटचा बॉल हे सोडून डोक्याला किंवा कानाला कशानं लागलंय? केसपेपरवर कारण लिहिताना लाज वाटली असेल तर उत्तम.

---

तुरीची_आमटी | सोमवार, रात्री ९:३१

हापसा!!

आम्ही परभणीकडचे. शाळेसमोर हापसा होता. दांडा जड, म्हणून दोन पोरं मिळून त्याला लोंबकळायची आणि तिसरं तोटीला तोंड लावायचं. माझा नंबर लोंबकळायचा. जोडीदारीण मधेच उतरली, माझे हात सुटले, दांडा झपकन वर आला आणि भुवईत बसला. खोक पडली, तीन टाके. अजून त्या जागी भुवई उगवत नाही, पेन्सिलनं भरते. ब्यूटी पार्लरवाली दर वेळी विचारते, मी दर वेळी सांगते, ती दर वेळी हसते.

---

लोकलपकड | सोमवार, रात्री ९:४०

आमच्या कोकणात नारळ पडतात डोक्यावर. हसू नका, यावर संशोधन आहे. पापुआ न्यू गिनीत डॉक्टर पीटर बार्स यांनी एका इस्पितळातल्या चार वर्षांच्या नोंदी तपासल्या. इजा होऊन भरती झालेल्यांपैकी २.५ टक्के लोकांच्या अंगावर नारळ पडला होता. लेख १९८४ चा. २००१ मध्ये त्याला इग नोबेल मिळालं, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते.

---

निजामी_तळ | सोमवार, रात्री ९:४४

@लोकलपकड, आमच्याकडं नारळ डोक्यावर पडत नाही. शालीबरोबर हातात पडतो.

---

हलगी | सोमवार, रात्री १०:०२

बालाघाटी भाऊ, एक काम राहिलं की तुमचं. डोक्याला डोकं आपटलं की दुसऱ्यांदा आपटून घ्यायचं असतं, नाहीतर शिंगं फुटतात. सर्ज्याला तर आधीच आहेत, म्हणजे आता पाळी कुणाची? 😄

मपला किस्सा विहिरीतला. उन्हाळ्यात आमची सगळी टोळी एका मळ्यातल्या विहिरीवर. काठावरून मुटका मारायचा, ज्याचं पाणी सगळ्यात वर उडंल तो गडी. मी कडेवरून पाय घसरून आडवा पडलो, उजवा कान थाडकन पाण्यावर. पाणी असं लागतं हे तोवर ठाऊक नव्हतं, फरशीवर आपटल्यागत झालं. वर आलो तर डोळ्यापुढं विहीर गरगर फिरायली, पायऱ्या कुठं तेच कळंना. दोस्तानं केसाला धरून काढलं. घरी सांगितलं असतं तर दुसरा कानबी गेला असता, म्हणून महिनाभर गप. ऐकू कमी आलं की "काय?" म्हणायचं. मास्तरला वाटलं पोरगं उद्धट झालं.

---

गोदाकाठ | सोमवार, रात्री १०:२०

गमतीच्या धाग्यात थोडं वेगळं लिहितो.

पत्र्यावरचे दगड. आपल्याकडं अर्ध्या घरांवर असतात. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून लोक दगड ठेवतात आणि मग त्या दगडांखालीच वर्षानुवर्षं झोपतात. वारा पत्र्याखाली शिरला की पत्रा आधी थरथरतो, मग एका बाजूनं उचलतो. दगड उतारावरून आत किंवा बाहेर, जिकडं वाट मिळेल तिकडं. पत्रा उडायच्या आधी दगड येतो. आमच्या गल्लीत खाटेवर झोपलेल्या पोराच्या उशीच्या वीतभर बाजूला असा एक पडला. उशी फाटली, पोरगं उठलंसुद्धा नाही. सगळ्यांचं नशीब तेवढं नसतं. दर मे-जूनमध्ये पेपरात एक तरी बातमी असते.

हूक बोल्ट आणि वायसर मारून पत्रा खालच्या अँगलला आवळला की दगडाची गरजच नाही. खर्च दोन-तीन पोती सिमेंटइतका. आमच्या वडिलांना हे पटवायला मला सहा वर्षं लागली. "तुझ्या आज्याच्या काळापासून आहेत ते दगड."

---

कानगोष्टी | सोमवार, रात्री ११:०५

धागा दिसल्यावर राहवेना. मी कान-नाक-घशाची डॉक्टर, मराठवाड्यातच प्रॅक्टिस. पेशंटची ओळख पटेल असं काही लिहिणार नाही.

कानातून आजवर काढलेल्या गोष्टी: तूर, ज्वारी, खोडरबराचा तुकडा, काडेपेटीच्या काडीचं टोक, झुरळ, आणि गोठ्यात झोपणाऱ्यांच्या कानातून गोचीड. गोचीड पडद्याला चिकटून बसलेली असते आणि माणूस वेदनेनं वेडा झालेला असतो. धान्याचा दाणा गेला तर कानात पाणी घालू नका. दाणा फुगतो आणि काढताना आमचा घाम निघतो. जिवंत किडा गेला तर कोमट खोबरेल तेलाचे चार थेंब चालतात, तो मरतो आणि धडपड थांबते. मात्र पडद्याला भोक आहे हे माहीत असेल तर तेलही नाही. रिमोटमधला, खेळण्यातला चपटा बटण सेल गेला तर रात्र असो की दिवस, लगेच निघा. काही तासांत आतली कातडी जळते.

@हलगी, तुमच्या पडद्याला बहुधा भोक पडलं होतं. कानाचा पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड. पाणी, तळहात किंवा बैलाचं शिंग कानावर सपाट बसलं की आतल्या हवेला बाहेर जायला जागा उरत नाही. ती पडदा फाडून आत घुसते. मास्तरांच्या कानफटातही नेमकं हेच होतं. आणि लाडानं थेट कानाच्या भोकावर घेतलेला पापासुद्धा उलट्या ओढीनं ऐकू येणं कमी करू शकतो. वैद्यकीय नियतकालिकांत तशा केसेस आहेत. बाळाच्या आत्यांनी नोंद घ्यावी.

---

आत्याबाई | सोमवार, रात्री ११:११

नेहमी आत्याच का हो? मावश्या काय कमी असतात?

---

पंक्चर_आणि_हवा | मंगळवार, सकाळी ७:५०

आमचं हायवेला टायरचं दुकान आहे. ट्रकच्या टायरला हवा भरताना लॉक रिंग नीट बसली नसली तर तोफेच्या गोळ्यासारखी उडते. म्हणून चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची असते. पिंजरा आमच्या दुकानात आहे, कोपऱ्यात, त्यावर टॉवेल वाळतात. एकदा रिंग उडून वरच्या पत्र्यातून आरपार गेली. लागलं कुणालाच नाही, पण माझ्या भावाला आवाजानं दोन दिवस बहिरेपण. आता टॉवेल दोरीवर वाळतात.

---

माळेगावचा_मामा | मंगळवार, सकाळी ९:१५

कानाचा विषय आणि पैलवान नाही? माझे मामा माळेगावच्या यात्रेत कुस्त्या मारायचे. दोन्ही कान मोडलेले, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. लहानपणी मी विचारलं, "मामा, कान असे का?" ते म्हणाले, "बाळा, ही पदवी आहे."

नंतर कळलं, घासल्यानं, मुरगळल्यानं कानाच्या कुर्चेवर रक्त साचतं. चार-दोन दिवसांत सुईनं काढून दाबून पट्टी बांधली तर कान सरळ राहतो. नाही काढलं तर कुर्चा आकसून कायमची गाठ. मामांना हे तालमीत वस्तादांनी सांगितलं होतं म्हणे. त्यांनी मुद्दाम काढलं नाही. कान सरळ असलेल्या पैलवानाला लग्नाच्या बैठकीत कोण विचारतं?

---

बेरकी | मंगळवार, सकाळी १०:०२

देवळातली घंटा. उंची सहा फूट एक इंच. मारुतीसमोर नमस्कार करून मागं सरलो की ठण्ण. पुजारी म्हणाले, "वाजवायची होती तर हातानं वाजवायची."

देवगिरी किल्ल्यावर अंधारीतही आपटलोय. गाईड सांगत होता, शत्रू वाकून यावा म्हणून दारं बुटकी. मी म्हटलं, योजना अजून चालू आहे.

---

क्रिकेटवेडा_जालना | मंगळवार, सकाळी १०:४०

बॉल सोडून म्हणालात, तरी लिहितो. १९६२ मध्ये बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा बॉल नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला, कवटी फुटली. रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडिजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल होता. आणि १९९८ ला ढाक्यात रमण लांबा शॉर्ट लेगला हेल्मेट न घालता उभा होता. बॉल लागला तरी तो स्वतःच्या पायानं ड्रेसिंग रूममध्ये गेला. तीन दिवसांनी वारला.

---

कानगोष्टी | मंगळवार, दुपारी २:१०

@क्रिकेटवेडा_जालना, "स्वतःच्या पायानं गेला" हीच फसवी गोष्ट. कानाच्या वर, कानशिलाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक शीर जाते. ती फाटली तर माणूस आधी शुद्धीवर येतो, बोलतो, चहा पितो. काही तासांनी कोसळतो. वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलटी, गुंगी, एक बाहुली मोठी, हातापायातली शक्ती जाणं, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं गळणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. आणि कान वाहत असेल तर त्यात कापूस कोंबू नका.

---

सरळ_बोलतो | मंगळवार, दुपारी ३:००

म्हणजे टेंगूळ आलं की सीटी स्कॅन? आमच्या आजीनं टेंगळावर रुपया दाबून आठ पोरं मोठी केली. हल्ली खोकला आला तरी स्कॅन सांगतात. कुणाचं तरी मशीनचं कर्ज फिटायचं असेल.

---

अंगणातली_खाट | मंगळवार, दुपारी ४:२५

@सरळ_बोलतो, तुमचा राग समजतो, बिल आम्हीही भरलंय. तरी आमच्या आबांचं ऐका.

आमचं जुनं घर माळवदाचं, स्वयंपाकघराची चौकट ठेंगणी. पंचाहत्तर वर्षं आबा त्या दारातून वाकून गेले. एका दिवशी हातात ताकाचा तांब्या होता म्हणून कमी वाकले. टप्. खोक नाही, टेंगूळसुद्धा नाही. आईनं हळद लावली, आबा म्हणाले, "चौकट तुटली का बघा." विषय संपला.

तीनएक आठवड्यांनी त्यांची एक चप्पल पायातून निघायला लागली. चालताना उजवा पाय घासायचा. नंतर ते आईला आत्याच्या नावानं हाक मारायला लागले. सगळे म्हणाले वय झालं. ते हृदयासाठी रक्त पातळ व्हायची गोळी घ्यायचे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शेजारच्या नर्सबाईंनी चप्पल बघितली आणि विचारलं, "मधे कुठं आपटले होते का?" आम्ही नाही म्हणालो. आबाच म्हणाले, "ताक सांडलं होतं त्या दिवशी."

सीटीत मेंदूवर रक्त साचलेलं. कवटीला दोन भोकं पाडून काढलं. इंजिनातल्या जुन्या ऑइलसारखं पातळ काळं असतं म्हणे. चौथ्या दिवशी आबांनी आईला आईच्या नावानं हाक मारून चहा मागितला.

---

सरळ_बोलतो | मंगळवार, दुपारी ४:५१

बरं. रुपया मागं घेतो.

---

लोकलपकड | मंगळवार, संध्याकाळी ५:३०

गारांचं कुणी लिहिलं नाही? २०१४ ला तुमच्याकडं फार मोठी गारपीट झाली होती ना?

---

गोदाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

झाली होती. फेब्रुवारी सरता सरता सुरू झाली, मार्चमध्ये पुन्हा पुन्हा. शेतात असाल तर आडोसा कुठला? आमच्या गड्यानं गव्हात बसून लोखंडी घमेलं डोक्यावर धरलं. डोकं वाचलं, बोटं सुजली. घमेल्याला पोचे पडले, ते त्यानं टाकलं नाही, अजून त्यातच शेण भरतो. जगात गारांनी सर्वांत जास्त माणसं एकाच वेळी गेल्याची नोंद आपल्याच देशातली. ३० एप्रिल १८८८, मुरादाबाद, २४६ जण.

---

चाकूर_नाका | मंगळवार, रात्री ८:४८

कालपासून लिहू की नको करत होतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून सगळं गाव दमून झोपलेलं. मी नऊ वर्षांचा. दगड-मातीच्या दोन-दोन फूट जाड भिंती, वर पांढऱ्या मातीचं माळवद. उन्हाळ्यात तेच घर काय थंड असायचं! माझ्या डोक्यावर तुळईचं टोक आलं. तुळई आडवी अडकली म्हणून वरची माती थांबली. डोक्याला सात टाके सोलापूरला पडले.

धाग्याचं नाव वाचून आठवलं. मला केसपेपर नव्हताच. मनगटाला चिकटपट्टी लावली होती, त्यावर बॉलपेननं "किल्लारी" एवढंच. दोन दिवस नर्स मला किल्लारी म्हणूनच हाक मारायची. मी ओ द्यायचो.

---

तुरीची_आमटी | मंगळवार, रात्री ९:०३

🙏

---

बेरकी | मंगळवार, रात्री ९:२०

दादा, हात जोडले.

---

हलगी | बुधवार, सकाळी ८:१२

बोलायला शब्द नाहीत, पण धागा असा थांबायला नको म्हणून लिहितो. गणपती बसायलेत. आमच्या चौकात काल डीजेची चाचणी झाली, घरातल्या भांड्यांनी साथ दिली. डॉक्टर ताई, किती वेळ ऐकलेलं चालतं?

---

कानगोष्टी | बुधवार, दुपारी १:४०

८५ डेसिबलला आठ तास. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पाव तास, आणि डीजेच्या भिंतीसमोर आवाज बहुतेक वेळा त्याच्याही वर असतो. कानात कापूस घालून उपयोग नाही, मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात ते घ्या. छातीत धडधडणं हा भक्तीचा पुरावा नव्हे.

---

बालाघाटी (धागाकर्ता) | बुधवार, रात्री ९:३५

वा, धागा कुठल्या कुठं गेला. @चाकूर_नाका, तुमचं लिहिणं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून देवापाशी गेली.

माझे टाके बरे आहेत. आई रोज लसूण कडवलेलं तेल घालते कानात. एक गंमत मात्र झालीय. सर्दी आहे, आणि नाक शिंकरलं की कानातून शिट्टी वाजते. बारीक, प्रेशर कुकरच्या पहिल्या शिट्टीच्या आधी वाजते तशी. पोरं सारखी "बाबा, वाजवा" म्हणतात.

---

कानगोष्टी | बुधवार, रात्री ९:३९

थांबा. वाजवू नका.

नाकातून दाबलेली हवा कानातून बाहेर येतेय, म्हणजे पडद्याला भोक आहे. तुमच्या कानाची फक्त कड शिवली गेली, आत कुणी बघितलेलं दिसत नाही. तेल आजपासून बंद, लसूण असो वा नसो. ते पडद्यापलीकडं जाऊन पिकेल. नाक जोरात शिंकरायचं नाही. अंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कानाच्या तोंडाशी ठेवा, पाणी आत जाता कामा नये. विहीर बंद. आणि जवळच्या ईएनटीकडं उद्याच जा. घाबरू नका, अशी बहुतेक भोकं दोन-तीन महिन्यांत आपोआप बुजतात.

---

हलगी | बुधवार, रात्री ९:४५

माझीबी वाजायची की शिट्टी! तवा कुणी सांगायला नव्हतं. ताई, वीस वर्षांनी दाखवलं तर चालंल का?

---

कानगोष्टी | बुधवार, रात्री ९:४८

चालेल. न बुजलेल्या भोकाला कानाजवळच्याच स्नायूवरचा पापुद्रा काढून ठिगळ लावतात. "काय?" म्हणायची सवय मात्र ऑपरेशननं जाईलच असं नाही.

---

बालाघाटी (धागाकर्ता) | शुक्रवार, रात्री ८:१५

जाऊन आलो. दुर्बिणीतून पडदा स्क्रीनवर दाखवला. खालच्या बाजूला ज्वारीच्या दाण्याएवढं काळं भोक. ऐकू येण्याची तपासणी केली, डावा कान थोडा कमी. तीन आठवड्यांनी परत बोलावलंय. आईनं तेलाची वाटी कोनाड्यात ठेवलीय. अजून धुतली नाही, म्हणजे आशा सोडलेली नाही.

---

बालाघाटी (धागाकर्ता) | दिवाळीनंतरचा मंगळवार, सायंकाळी ७:२०

धागा वर काढतोय. काल तिसरी फेरी झाली. भोक बुजलं. त्या जागी पडदा जरा पातळ दिसतो, बाकी ठीक. शिट्टी बंद, पोरं नाराज.

केसपेपर हरवला होता म्हणून नवीन काढावा लागला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "कशानं लागलं?" यावेळी मी शहाणा, आधीच म्हणालो, "बैलाचं शिंग."

"बैल कुणाचा?"
"माझाच."
"नाव?"
"बैलाचं की माझं?"

मागं रांगेत बारा माणसं होती. बाईंनी केसपेपरवर जे लिहिलं ते घरी येऊन वाचलं. रुग्णाचे नाव: सर्ज्या.

---

निजामी_तळ | मंगळवार, सायंकाळी ७:२६

वय किती टाकलंय? दाती किती?